एमडी मेडिसीन आवडीनं घेतात की पुढच्या डीएमसाठी (सुपरस्पेशालिटीसाठी)?

पारडीचा इंटर्न: नीट-पीजीत, म्हणजे एमडीच्या प्रवेश परीक्षेत, मेडिसीन मिळेल एवढी रँक आहे. पण माझं मत स्पष्ट आहे, आज मेडिसीनसाठी मेडिसीन कोणी घेत नाही. वरच्या रँकवाले रेडिओलॉजी आणि स्किन उचलतात, रात्रीची झोप मिळते म्हणून. जे मेडिसीन घेतात त्यांच्या डोक्यात पहिल्या दिवसापासून कार्डिओ (हृदय) नाहीतर गॅस्ट्रो (पोट). साडेपाच वर्षं एमबीबीएस, तीन एमडी, तीन डीएम, वर बाँड, म्हणजे सक्तीची सरकारी सेवा. नुसता फिजिशियन राहायचं काहून? नागपुरात धंतोली-रामदासपेठेत चक्कर मारा, दवाखान्यांच्या पाट्या वाचा.

धंतोलीतला फिजिशियन: त्या पाट्यांमध्ये माझीही एक आहे, बरी चालते. 2018 मध्ये विदर्भात स्क्रब टायफस आला होता, बारीक किडा चावून होणारा ताप. ताप, प्लेटलेट उतरलेल्या, सगळे डेंगीच धरून बसलेले. एका बाईच्या काखेत त्या चाव्याची काळी खपली सापडली आणि निदान झालं. डॉक्सिसायक्लिन, स्वस्तातलं औषध, ताप उतरला. सोबतच्या इंटर्नचे डोळे तेव्हा पाहायला हवे होते! पुढे त्यानं मेडिसीनच घेतलं. मुलं रँक पाहून येत असतील, पण मन वॉर्डात कोण शिकवतं त्यावर बसतं.

जेआर-2 (एमडीच्या दुसऱ्या वर्षाचा), मेडिसीन: सर, खपली सापडायला पेशंट नीट उघडून तपासावा लागतो, त्याला वेळ कुठाय? निवासी डॉक्टरांसाठीच्या 1992 च्या रेसिडेन्सी योजनेत सलग ड्यूटी साधारण बारा तासांच्या वर नको असं लिहिलंय. आमच्याकडे अ‍ॅडमिशन डेला, म्हणजे नवे पेशंट भरती होतात त्या दिवशी, हे वाचून दाखवलं तर सिस्टरसुद्धा हसतील. इंटर्नला राऊंडवरचे सर दहा मिनिटं दिसतात, मी दिवसभर दिसतो. रिपोर्टमागे पळणारा, नातेवाइकांच्या शिव्या खाणारा. मला पाहून कोण मेडिसीन घेईल?

मानेवाड्याची ताई: मी डॉक्टर नाही, तरी बोलते. बाबांना साखर, बीपी, किडनी, गुडघे. चार स्पेशालिस्ट, चार चिठ्ठ्या. एकच गोळी दोन कंपन्यांच्या नावानं दोघांनी लिहिलेली. गुडघ्यासाठी दिलेली दुखण्याची गोळी किडनीला वाईट, हे एका साध्या फिजिशियननं सगळ्या चिठ्ठ्या टेबलावर मांडल्यावर कळलं. तुम्ही सगळे डीएम झालात तर आम्ही जायचं कोणाकडे?

पारडीचा इंटर्न: ताई, अँजिओप्लास्टीला लोक कर्ज काढतात अन् अर्धा तास चिठ्ठ्या वाचणाऱ्याची फी महाग वाटते. आधी ते बदला, मग आम्हाला सांगा. माझ्या डोक्यावर शैक्षणिक कर्ज आहे.

एमडी झालेली, बाँडवर: फीचं खरं आहे बाप्पा, ते नाकारत नाही. मीही नेफ्रो (किडनी) डोक्यात ठेवूनच आले होते. एमडीतले डिस्ट्रिक्ट रेसिडेन्सीचे तीन महिने जिल्हा रुग्णालयात काढले आणि विचार फिरला. सर्पदंश, सिकलसेलचं दुखणं, मलेरिया, विष प्यायलेला शेतकरी, सगळं एकाच रात्री. पाठवायला सुपरस्पेशालिस्ट नव्हता, निर्णय माझाच. मजा आली म्हटलं तर विचित्र वाटेल, पण आली. तरी नीट-एसएसचा, डीएमच्या प्रवेश परीक्षेचा, फॉर्म भरलाय. घरचे ऐकत नाहीत.

जेआर-2, मेडिसीन: म्हणजे शेवटी फॉर्म भरलाच न!

एमडी झालेली, बाँडवर: भरला. निवड अजून केली नाही. आणि इंटर्नभाऊ, चॉईस लॉक करायच्या, म्हणजे कॉलेजची पसंती पक्की करायच्या आधी कॉलेजच्या नावापेक्षा तिथं एका युनिटला जेआर किती आणि सर संध्याकाळी राऊंडला येतात का, हे विचारून घे.