सिकलसेलला अमेरिकेचाच डोस हवा? 'दुय्यम उपचार' म्हणणाऱ्यांना उत्तर

मेडिकल_चौक: काल इथे 'खामल्याचा' यांनी लिहिलं की सिकलसेलसाठी, म्हणजे तांबड्या पेशी विळ्यासारख्या वाकवणाऱ्या आनुवंशिक रक्तविकारासाठी, अमेरिकेची 2014 ची मार्गदर्शिका तयार असताना नागपुरात औषधाचा कमी डोस देणं म्हणजे गरिबाला दुय्यम उपचार देणं. हे वाचून राहवलं नाही. ती मार्गदर्शिका म्हणते, मुलांना हायड्रॉक्सीयुरिया हे रोजचं औषध वजनाच्या किलोमागे 20 मिग्रॅपासून सुरू करा, दर आठ आठवड्यांनी 5 ने वाढवा, 35 पर्यंत न्या. पण डोस वाढवताना दर महिन्याला सीबीसी (रक्तपेशींची मोजणी), हेही तिच्यातच आहे. माझ्याकडे गडचिरोलीतल्या धानोरा, कुरखेड्याहून लोक येतात. एसटीचं भाडं, बुडालेली मजुरी, आणि रिपोर्ट हातात येईस्तोवर शेवटची गाडी गेलेली. या औषधाने पांढऱ्या पेशी घसरल्या तर कळणार कसं? म्हणून नागपुरातच 10 मिग्रॅचा ठरीव डोस मुलांवर तपासला गेला, 2012 मध्ये छापूनही आला. क्रायसिस, म्हणजे असह्य दुखण्याचे झटके, घटले, रक्त चढवणं घटलं. त्यात आपल्याकडे अरब-इंडियन हॅप्लोटाइप (या आजाराच्या जनुकाचा इथला प्रकार), म्हणून एचबीएफ, म्हणजे आजार सौम्य ठेवणारं बाळपणीचं हिमोग्लोबिन, मुळातच जास्त.

खामल्याचा: डॉक्टरसाहेब, एचबीएफ जास्त म्हणून आजार सौम्य, हे विदर्भातल्या वॉर्डात उभं राहून म्हणून दाखवा. आणि 2012 मध्येच थांबलात काऊन? 2020 मध्ये युगांडाची चाचणी आली. एका गटाला ठरीव 20, दुसऱ्याला वाढवत नेलेला डोस. वाढवलेल्या गटात क्रायसिस कमी, रक्त कमी लागलं, औषधाचा त्रास वाढला नाही. चाचणी मुदतीआधी थांबवली. म्हणजे 20 सुद्धा कमीच पडला. कंपालाला सीबीसी जमते, गडचिरोलीला जमत नाही?

मेडिकल_चौक: ती चाचणी होती, पोरांवर बारीक नजर होती. इथे पोरगं तीन-तीन महिने दिसत नाही.

उमरेडची_आई: डोसचं चालू द्या, मला दुखण्याचं बोलायचं आहे. माझ्या मुलाला मागच्या हिवाळ्यात क्रायसिस आला. मांडीचं हाड धरून ओरडत होता. एका मोठ्या दवाखान्यात आधी केसपेपर, मग डिपॉझिट, मग डायक्लोफिनॅकचं इंजेक्शन आणि सलाईन. तिथले डॉक्टर म्हणाले, एवढं दुखत नसते बाई, सवय लागली त्याला. बारा वर्षांचं लेकरू हो!

खामल्याचा: ब्रिटनची 2012 ची मार्गदर्शिका सांगते, आल्यापासून अर्ध्या तासात वेदनाशामक. तीव्र दुखत असेल तर मॉर्फिनसारखं, आणि आराम पडेपर्यंत दर अर्ध्या तासाने पुन्हा विचारा. यातलं कोणतं वाक्य नागपूरला लागू नाही?

मेडिकल_चौक: रात्री कॅज्युअल्टीत एक निवासी डॉक्टर आणि चाळीस पेशंट असतात. मॉर्फिन कपाटात कुलूपबंद, रजिस्टर वेगळं. घरी बसून बोलणं सोपं आहे.

उमरेडची_आई: आम्ही घरी बसलो होतो का?

धंतोली_फार्मा: कायद्याचा बाऊ नका करू बाप्पा. एनडीपीएस, म्हणजे अंमली पदार्थांचा कायदा, 2014 मध्ये बदलला, मान्यताप्राप्त दवाखान्याला आता पूर्वीसारखे ढीगभर परवाने लागत नाहीत. बरेच दवाखाने मॉर्फिन ठेवतच नाहीत, कारण त्यात पैसा नाही आणि हिशोब फार.

मेडिकल_चौक: पैशाचं तुम्ही बोलावं! पण ठीक आहे. वेदनेबाबत वाद घालणार नाही. अर्ध्या तासाचा नियम जसाच्या तसा घ्यावा, त्यात इथलं वेगळं काही नाही. ताई, त्या डॉक्टरने बोललेलं चूकच. डोसवर मात्र मी हटणार नाही. सीबीसी तालुक्याला, त्याच दिवशी मिळायला लागू द्या, मग वाढवू.

खामल्याचा: मग केसपेपरवर तसं लिहा: 'तपासणीची सोय नाही म्हणून डोस कमी.' 'आपल्या लोकांना एवढा पुरतो' असं सांगू नका. सोय नाही असं लिहिलं तर कोणी सोय मागेल तरी. आता 2023 पासून सिकलसेलचं राष्ट्रीय मिशन आहे, मागायला दारही आहे.

मेडिकल_चौक: लिहीन. सगळे लिहितील याची हमी देत नाही.

उमरेडची_आई: रात्री मॉर्फिन मिळेल असं ठिकाण कोणाला पक्कं माहीत असेल तर आधी ते सांगा. थंडी सुरू झाली आहे.