पोदेर (पाववाला) आला की माइक बंद, पण तानपुरा चालू राहिला पाहिजे. लिनक्स मिंटवर कसं जमवायचं?

पेटीमास्तर (कवळे, फोंडा)

मंडळी, माझा गाण्याचा क्लास आहे. रविवारी संध्याकाळी पाचला सहा मुलं ऑनलाइन येतात, एक मस्कतहून. लॅपटॉपवर भाच्याने मिंट 22 घालून दिलंय. तानपुरा म्हणजे काळी एकची फाइल, व्हीएलसीमध्ये लावतो.

अडचण अशी की यमन जरा कुठे बसायला लागला की दारात पोदेराचा भोंपू. त्याला दोष नाही, पाव मलाच हवे असतात. पण "कितले?" हे सगळ्या वर्गाला ऐकू जातं. मागच्या आठवड्यात मस्कतवाली म्हणाली, "मास्तर, माझेही दोन उंडे घ्या."

म्हणून म्हापशाहून यूएसबीचा सुटा नंबरपॅड आणला आणि सेटिंगमध्ये 1 वर माइक बंद-चालूची कमांड लावली. चालली! पण आता लॅपटॉपच्या नंबरपॅडवरून फीच्या तक्त्यात 1500 लिहिलं की त्यातल्या 1 लाही माइक बंद. दोन मिनिटं मी मुक्याने सरगम शिकवत होतो.

शिवाय माइक बंद केला की तानपुराही मुलांकडे जायचा थांबतो, कारण तो स्पीकरमधून माइकमध्येच जातो. तसाही तो त्यांना तुटक ऐकू येतो. काय करू?

वाळपईचो

सरळ स्ट्रीम डेक घ्या. 15 बटणं, प्रत्येकावर चित्र. कंपनीचं सॉफ्टवेअर विंडोज आणि मॅकपुरतंच आहे, पण लिनक्सवर ओपनडेक किंवा स्ट्रीमकंट्रोलर चालतं.

पेटीमास्तर

किंमत बघितली. तेवढ्यात माझ्या पेटीचे सूर लावून होतील आणि भाताही बदलून होईल.

डिचोलीकर_टर्मिनल

मास्तर, नंबरपॅड पुरे. दोन्हीकडचा 1 कॉम्प्युटरला एकच वाटतो, ही मूळ भानगड. इनपुट-रिमॅपर नावाचं सॉफ्टवेअर घाला. ते कीबोर्ड वेगवेगळे ओळखतं, त्यामुळे फक्त सुट्या पॅडचा 1 एफ13 (नेहमीच्या कीबोर्डवर नसलेलं बटण) करता येतो, 2 एफ14. मग शॉर्टकट त्यांच्यावर लावा. नोंदवताना एफ13 ऐवजी 'टूल्स' असं भलतंच नाव दिसेल, तसंच राहू द्या. एफ20 मात्र टाळा. लिनक्समध्ये ते मुळातच माइक-म्यूटचं बटण समजलं जातं, तुमच्या कमांडशी भांडेल.

आता तानपुरा. मिंट 22 मध्ये आवाजाचं काम पाइपवायर बघतं, पण पल्सऑडिओच्या कमांड चालतात. टर्मिनलमध्ये पीएसीटीएल (pactl) या कमांडने मॉड्यूल-नल-सिंक (module-null-sink) दोनदा लोड करा. म्हणजे दोन खोटे स्पीकर (सिंक) तयार होतील, एकाला नाव द्या तानपुरा, दुसऱ्याला वर्ग. पाव्हूकंट्रोल (pavucontrol, आवाज कुठून कुठे जातो ते ठरवायचं ॲप) उघडून प्लेबॅकमध्ये व्हीएलसी 'तानपुरा'वर ढकला. मग तीन लूपबॅक, म्हणजे एकीकडचा आवाज दुसरीकडे नेणाऱ्या जोडण्या: तानपुऱ्याच्या मॉनिटरकडून (त्या खोट्या स्पीकरवर वाजतं त्याची नक्कल) तुमच्या हेडफोनला, तिथूनच वर्गाला, आणि माइककडून वर्गाला. कॉल चालू असताना रेकॉर्डिंगच्या टॅबमध्ये ब्राउझरला 'मॉनिटर ऑफ वर्ग' द्या. ब्राउझरच्या स्वतःच्या यादीत तो दिसला नाही तर शोधत बसू नका, इथूनच द्यायचा.

म्यूटची कमांड डीफॉल्ट सोर्सवर (आपोआप निवडलेल्या इनपुटवर) नको, माइकचं पूर्ण नाव घालून लिहा. मग एफ13 ने फक्त तुम्ही गप्प होता. आणि एफ14 ला तानपुरा सिंकचा आवाज 5 टक्के कमी करायची कमांड लावा, म्हणजे मुलांचा आवाज जसाच्या तसा राहतो.

लॅपटॉप बंद केला की हे सगळं पुसलं जातं. एका स्क्रिप्टमध्ये लिहून स्टार्टअपला टाका.

सावर्ड्याची

तुटक ऐकू येतं ते वेगळंच दुखणं. कॉलमधलं नॉइज सप्रेशन सतत एकसुरी वाजणाऱ्या आवाजाला पंख्याची घरघर समजून खाऊन टाकतं. आपला षड्ज त्याला कचरा वाटतो! सेटिंगमध्ये ते बंद करा. आणि हेडफोन वायरचा घ्या. ब्लूटूथचा माइक सुरू झाला की तो फोनच्या प्रोफाइलवर जातो, मग तानपुरा डब्यात घालून वाजवल्यासारखा.

पेटीमास्तर

उशिरा लिहितोय, दोन रविवार गेले यात. पहिल्या रविवारी माझी चूक. म्यूट केलं ते डीफॉल्टलाच, आणि डीफॉल्ट मी वर्ग करून ठेवला होता, त्यामुळे माझ्याबरोबर तानपुराही गेला. कॉलमध्ये माइक चालूच दिसत होता, म्हणून पाच मिनिटं मुलांना इंटरनेट तपासायला लावलं. डिचोलीकर, तुम्ही लिहिलं होतं ते मी वाचलंच नव्हतं.

काल मात्र जमलं. नॉइज सप्रेशन बंद केल्यावर मस्कतवाली म्हणाली, जवारी (तारांची गुंजणारी झणझण) पहिल्यांदाच ऐकू आली. पण त्याबरोबर कौलांवरचा पाऊसही तिकडे जाऊ लागलाय, त्याला बटण नाही. साडेपाचला भोंपू वाजला, मी एफ13 दाबून उठलो. पाव घेऊन परत येईपर्यंत हेडफोनमध्ये तानपुऱ्यावर सहाही जणं एकामागून एक निषाद लावून बघत होती, आणि एकाचा तर चांगला लागला होता.

वाळपईचो

उंडे कितले घेतले?

पेटीमास्तर

आठ. मस्कतचे दोन मीच खाल्ले.