'सरफेस वेव्ह प्लाझ्मा'ला मराठीत काय म्हणावं?

कोथरूडकर: पुण्यातल्या एका महाविद्यालयाच्या विज्ञानप्रदर्शनासाठी मराठी फलक लिहिते आहे. विषय प्लाझ्माचा, म्हणजे इलेक्ट्रॉन सुटे झालेल्या वायूचा. 'सूक्ष्मतरंगांच्या पृष्ठलहरींद्वारे विस्तृत क्षेत्रावर घन प्लाझ्माची निर्मिती' असं लिहिलं, तर शाळेतली मुलं तिथूनच परत फिरतील. जाणकारांनी सुचवावं.

पाषाणकर: ताई, सगळ्यात आधी 'घन' काढा. 'घनपदार्थ' आपल्या इतका कानात बसलाय की 'घन प्लाझ्मा' म्हटलं की मुलांना तो दगडासारखा वाटेल. इथे मोजायचे असतात इलेक्ट्रॉन, एका घन सेंटिमीटरमधले. या प्रकारात ते 36,000 कोटींच्या वर जातात. ऐकायला प्रचंड, पण तेवढ्याच जागेतल्या साध्या हवेत त्याच्या सुमारे सात कोटी पट रेणू असतात! म्हणून 'दाट प्लाझ्मा' म्हणा आणि आकडा लगेच शेजारी द्या.

'सूक्ष्मतरंग'ही नको. इथे वापरतात त्या 2.45 गिगाहर्ट्झच्या तरंगाची लांबी 12 सेंटिमीटरच्या वर भरते, त्यात सूक्ष्म काय आहे? स्वयंपाकघरातल्या मायक्रोवेव्हची वारंवारता हीच. घरोघरी रुळलेला शब्द आहे, तोच ठेवा.

'पृष्ठतरंग' मात्र बिनधास्त वापरा. 'पृष्ठताण' मुलं शाळेत शिकतात, त्यामुळे अडणार नाहीत.

नारायण पेठ: पृष्ठ कोणाचं, हे फलकावर यायलाच हवं. नाहीतर तरंग पाण्यावरच्यासारखा वर डोलतोय असं वाटेल.

पाषाणकर: अगदी बरोबर, सगळी गंमत तिथेच आहे. वर क्वार्ट्झची काच, खाली प्लाझ्मा. इलेक्ट्रॉन विरळ असतील तर मायक्रोवेव्ह आरपार जातात. 2.45 गिगाहर्ट्झला घन सेंटिमीटरमागे सुमारे 7,400 कोटी ही सीमा. 'क्रांतिक कोना'च्या धर्तीवर 'क्रांतिक घनता' म्हणू. ती ओलांडली की प्लाझ्मा तरंगाला आत घेत नाही. क्वार्ट्झ असेल तर तिच्या साधारण पावणेपाच पट दाटीला, म्हणजे वरच्या 36,000 कोटींना, काच आणि प्लाझ्मा यांच्या सांध्यावरून तरंग आडवा धावू लागतो. प्लाझ्मात तो जेमतेम सेंटिमीटरभर शिरतो, पण जाईल तिथे इलेक्ट्रॉनांना ऊर्जा देत जातो. म्हणून काच रुंद केली की प्लाझ्माही रुंद करता येतो, आणि दुसऱ्या एका पद्धतीत लागतो तसा 875 गाउसच्या (गाउस हे चुंबकीय क्षेत्राचं एकक) चुंबकांचा खटाटोप लागत नाही. ज्यावर प्लाझ्माने काम करायचं ती, चिप बनवायची सिलिकॉनची चकती काचेपासून थोडी खाली ठेवतात. तिथे इलेक्ट्रॉन थंडावलेले असतात, चकतीला इजा कमी होते.

कोथरूडकर: मग असं लिहू? 'काच आणि प्लाझ्मा यांच्या सांध्यावरून धावणारा मायक्रोवेव्ह पृष्ठतरंग रुंद जागेत दाट प्लाझ्मा तयार करतो.'

नारायण पेठ: वा! मोठ्याने वाचलं तरी अडखळायला होत नाही.

पाषाणकर: हेच ठेवा. मायक्रोवेव्ह काचेपर्यंत आणणाऱ्या धातूच्या नळीला, म्हणजे 'वेव्हगाइड'ला, 'तरंगनळी' चालेल. तिच्या तळाला ज्या फटींतून मायक्रोवेव्ह काचेत उतरतात, त्यांना 'स्लॉट'ऐवजी सरळ 'खाचा' म्हणा. सुतारापासून फिटरपर्यंत सगळे तेच म्हणतात.