पदवीच्या दिवसाचा पांढरा ड्रेस : तुमच्या घरी कसा ठरला? (अनुभव धागा)

आमच्या घरात या वर्षी तीन मुलींना पांढरं घालायचं आहे. धाकटी लेक सिनियर केजीतून पहिलीत चाललीय, तिच्या शाळेत 'ग्रॅज्युएशन डे' आहे. पुतणी दहावीला, तिच्या वर्गातल्या सगळ्या मुलींनी निरोप समारंभाला पांढरा अनारकली ठरवलाय. आणि नणंदेला बी.फार्मची पदवी मिळतेय. कॉलेजच्या सूचनापत्रात 'पांढरा सलवार-कुडता किंवा पांढरी साडी' असं स्पष्ट लिहिलंय. उंची ३ फूट ७ इंच, ५ फूट १ आणि ५ फूट ८.

रविवारी तिघींना घेऊन सोलापुरात आधी नवी पेठेत, मग चाटी गल्लीत गेले. एकाच तागातून तिघींचं कापड काढायचं असं मनात होतं. चार तास फिरून रिकाम्या हातानं परत आलो. नणंदेला आवडलेलं जॉर्जेट धाकटीच्या गळ्याला टोचत होतं, धाकटीला शोभणारा हकोबा (बारीक भोकांच्या भरतकामाचं सुती कापड) पुतणीला 'बाळबोध' वाटला. ट्यूबलाइटखाली लख्ख दिसणारं एक कापड रस्त्यावर उन्हात आणलं, तर चक्क सायीच्या रंगाचं निघालं. दुकानदार भले होते. म्हणाले, "ताई, पांढऱ्यात दहा पांढरे असतात. आधी घरी ठरवून या."

म्हणून हा धागा. मुलगी किती वर्षांची, किती उंच, काय शिवलं, काय चुकलं, सगळं लिहा. बारीकसारीकही चालेल.

विजापूर रस्ता, सहा वर्षांच्या मुलीची आई

आमचं गेल्या वर्षी झालं. मी तयार फ्रॉक घेतला, खाली फुगीर कॅनकॅन, वर नेट. फोटोत परी दिसत होती. पण वरून शाळेचा पॉलिस्टरचा गाऊन, एप्रिलची दुपार आणि कमरेच्या शिवणीला नेटची उघडी कड. स्टेजवर नाव पुकारलं तेव्हा माझी लेक दोन्ही हातांनी कंबर खाजवत होती. घरी येऊन फ्रॉक काढला तर कमरेभोवती लाल पट्टा उठलेला. तो पट्टा बघून मला फार वाईट वाटलं, अजूनही वाटतं. ती दिवसभर एका शब्दानं बोलली नव्हती, कारण मी सारखी 'किती छान दिसतेस' म्हणत होते.

लहान मुलींसाठी सांगते. आतून मलमलचं अस्तर लावाच आणि ते कमरेच्या शिवणीवरूनच खाली येऊ द्या. बाही फुग्याची नको, गाऊनच्या बाहीत तिचा बोळा होतो. बिनबाह्यांचा फ्रॉक उत्तम. घरी एकदा मांडी घालून बसवून बघा, कारण शाळेत या मुलींना सतरंजीवरच बसवतात. आतली चड्डी पांढरी नको, अंगाच्या रंगाची घ्या. आणि डब्यात त्या दिवशी शेंगाचटणी देऊ नका. तेलाचा डाग पडलाच तर पाणी न लावता आधी टाल्कम पावडर दाबून ठेवायची, तासाभरानं झटकून भांड्यांच्या साबणानं धुवायचं. आमचा निघाला.

पूर्व भाग, शिलाईकाम करणारी

घरात आम्ही तेलुगू बोलतो, लिहिण्यात चूक झाली तर सांभाळून घ्या. २२ वर्षं मशीनवर आहे. सुरुवात शाळेच्या युनिफॉर्मच्या कारखान्यात झाली. सोलापूरचे युनिफॉर्म लांब लांब जातात, तुम्हाला माहीतच आहे. तिथं सगळं नंबरावर चालतं. नंबर वाढला की छाती वाढते, लांबी वाढते, सगळं एका हिशेबानं. पण मुली त्या हिशेबानं वाढत नाहीत. अकरा-बारा वर्षांच्या मुलीचे आधी पाय लांब होतात, अंग मागून भरतं. माझ्याकडे एकाच वर्गातल्या दोन मुली येतात, दोघी तेरा वर्षांच्या, उंचीत सात इंचांचा फरक. म्हणून वय सांगून ड्रेस मागू नका. माप द्या.

माप घेताना मी मुलीला त्या दिवशीची चप्पल किंवा सँडल घालूनच उभी करते. खांद्यापासून कमर, कमरेपासून गुडघा, गुडघ्यापासून घोटा, तीन वेगळी मापं. नुसती 'फुल लेंथ' लिहून काही कळत नाही. बुटक्या मुलीला कमरेची शिवण इंचभर वर घेते, म्हणजे पाय लांब दिसतात. खालच्या घेराला रुंद लेस लावत नाही, ती उंची खाते. उंच मुलीचं उलटं. तयार ड्रेसची कमर तिला बरगडीवर येते आणि ती दिवसभर कुडता खाली ओढत बसते. तिला शिवूनच घ्या आणि कापड जास्त घ्या. ४४ इंच पन्ह्याचं असेल तर केजीच्या फ्रॉकला दीड मीटर पुरतं, पण पाच फूट आठच्या मुलीच्या घेरदार अनारकलीला पाच मीटरही लागतं. दुकानातच हिशेब करा. नंतर त्याच तागातलं मिळेल याचा भरवसा नाही आणि दुसऱ्या तागाचं पांढरं शेजारी ठेवलं की लगेच कळतं.

सुती कापड कापायच्या आधी रात्रभर पाण्यात ठेवा. मीटरमागे इंच-दीड इंच आटतं. नवंकोरं शिवलं तर पहिल्या धुण्याला घोट्याचा ड्रेस पोटरीवर येतो.

वाढत्या मुलीला खाली तीन इंच दाब (आत दुमडलेलं जादा कापड) ठेवा, सगळ्या आया मागतात. पण पांढऱ्यात दाब सोडला की जुन्या घडीची रेघ राहते, मळकट. ती धुऊन जात नाही. तिच्यावर बारीक लेस टाकायची किंवा आडवी टक्स (शिवलेली बारीक घडी) घ्यायची, म्हणजे मुद्दाम केल्यासारखं दिसतं.

पांढरं शिवायच्या आधी मी मशीन पुसते आणि चिंधीवर चार टिपा मारते, तेल सुटतंय का बघायला. तुमच्या टेलरलाही सांगा, राग येणार नाही. कापड पंधरा-वीस दिवस आधी द्या, शेवटची फिटिंग मात्र आठवडाभर आधी.

(धागा सुरू करणारी : अक्का, मनापासून आभार. तिघींची तीन-तीन मापं आजच घेतली. पुतणीची कमर ते गुडघा लांबी आणि माझी सारखीच निघाली, हे घरात कुणालाच माहीत नव्हतं.)

होटगी रस्ता, इंजिनिअरिंगची पदवीधर

उंची ५ फूट १०. तयार पांढरा कुडता मला गुडघ्याच्या वर येतो, सलवार घोट्याच्या वर. शेवटी पुरुषांच्या विभागातला लांब पांढरा कुर्ता घेतला, बाजूनं आवळून घेतला, चुडीदार शिवला. चुडीदाराला कापड आडवं-तिरकं कापतात, घोट्यावर चुण्या पडायला लांबी जास्त धरायला सांगा. दिवसभर ताठ उभी राहिले.

सात रस्ता, जुळ्या मुलींचे बाबा

दोघी माझ्याच. बायको चार वर्षांपूर्वी गेली, त्यामुळं कापडचोपड मलाच बघावं लागतं. एक ५ फूट ६, दुसरी ५ फूट १. लहानपणापासून लोक दोघींना शेजारी उभं करून बघतात आणि बुटकीला काहीतरी बोलतात. बी.कॉम.च्या समारंभाला दोघींना एकसारखं घ्यावं, असं नातेवाइकांचं म्हणणं होतं. मी मुलींनाच विचारलं. लहानी म्हणाली, "बाबा, कापड एकच चालेल, ड्रेस एक नको."

मग एकाच तागातून सुती कॅम्ब्रिक घेतलं. मोठीला घोट्यापर्यंत सरळ कुडता, लहानीला गुडघ्याखाली जेमतेम येणारा कळीदार आणि अरुंद पँट. ओढण्या सारख्या. फोटोत दोघी शेजारी आहेत आणि उंचीकडे लक्ष जात नाही. मला शिवणातलं काही कळत नाही, पण एक बापांना सांगतो. अस्तराचा, आतल्या कपड्यांचा प्रश्न आला की मुली बापाजवळ बोलत नाहीत. मी माझ्या बहिणीला फोन लावून दिला आणि दुकानाबाहेर जाऊन उभा राहिलो. तेवढं करा.

अशोक चौक, अकरावीची विद्यार्थिनी

कुणी लिहीत नाहीये म्हणून मी लिहिते. दहावीच्या निरोपाला आमचंही पांढरं ठरलं होतं आणि माझी तारीख नेमकी त्याच दिवशी होती. मी आईला म्हटलं, मी जातच नाही. आईनं समजूत घातली नाही, पर्याय दिले. अस्तर पूर्ण लांबीचं आणि जाड सुती, आत अंगाच्या रंगाची सायकलिंग शॉर्ट, वरून मरून रंगाची मोठी ओढणी, पिशवीत एक जादा सलवार. वर्गात बोलून दाखवलं तर अजून पाच जणींना हीच धास्ती होती. मग सगळ्यांनीच रंगीत ओढणी घ्यायचं ठरलं. ज्यांच्या वर्गाचं अजून ठरायचंय त्यांनी हा विषय आधीच काढा. ताई, तुमच्या पुतणीलाही विचारा. ती आपणहून सांगणार नाही.

(धागा सुरू करणारी : विचारलं. हीच काळजी होती. मरून ओढणी ठरली.)

बाळीवेस, आजी (नातीकडून लिहून घेतलं आहे)

माझ्या थोरल्या जावेनं विरोध केला होता, शुभकार्याला पोरीच्या अंगावर पांढरं कशाला म्हणून. आमच्या पिढीत पांढरं म्हटलं की एकच आठवायचं, त्यात तिची चूक नाही. मी तिला म्हटलं, गड्ड्याला, आपल्या सिद्धेश्वराच्या जत्रेत बघ. संक्रांतीला सिद्धेश्वराचे सात नंदीध्वज निघतात, हजारो माणसं पांढऱ्याशुभ्र बाराबंदीत असतात. अक्षतांचा सोहळा, म्हणजे लग्नच ते. त्या दिवशी पांढरं अशुभ कसं नाही? सरस्वतीच्या अंगावर तरी काय असतं? जाऊ गप्प बसली. पण तिचं मन मोडायला नको म्हणून नातीच्या पांढऱ्या साडीला हिरवा काठ घेतला आणि हातात हिरव्या बांगड्या. थोरल्यांना नुसतं 'जुन्या विचाराची' म्हणू नका, काठानं काम भागतं.

सिव्हिल परिसर, परिचारिका

नर्सिंगला शपथविधीच्या दिवशी हातात दिवा आणि अंगावर पांढरं. आम्हाला पांढऱ्याची सवय होते, पण सोलापूरच्या पाण्याचं काय? नळ काही दिवसांआड, मधल्या दिवसांत बोअर. बोअरच्या पाण्यात लोह असेल तर त्यात ब्लीच घालू नका. पांढरं व्हायच्या ऐवजी पिवळट तांबूस पडतं, माझा एक नवा कोट असाच गेला. गंजासारखा डाग असेल तर लिंबू-मीठ लावून उन्हात ठेवा. शेवटचं पाणी नळाचं, साठवलेलं वापरा. नीळ आधी वाटीभर पाण्यात विरघळवून गाळा, मगच बादलीत. नाहीतर निळे ठिपके पडतात आणि ते समारंभाच्या आदल्या रात्री दिसतात.

पारदर्शक आहे का ते दुकानातच बघा. कापडाच्या आत तळहात धरून उन्हाकडे करा, बोटं मोजता आली तर अस्तर हवं. शिवून झाल्यावर मोबाइलचा फ्लॅश मारून एक फोटो काढा, डोळ्याला न दिसणारं त्यात दिसतं. पांढऱ्याच्या आत पांढरं घालू नका, तेच उठून दिसतं. अंगाच्या रंगाचं दिसत नाही.

कॉलेज कार्यालयात काम करणारे

आमच्याकडे फोन येतात म्हणून सांगतो. कापड घेण्याआधी एकच विचारा, वरून गाऊन आहे की उपरणं? विद्यापीठ अनुदान आयोगानं २०१९ मध्ये पदवीदानाच्या पोशाखासाठी हातमागाचं कापड वापरा असं विद्यापीठांना सांगितलं होतं. काही ठिकाणी आता गाऊन जाऊन उपरणं आलंय. गाऊन असेल तर तुमचा गळा आणि खालचा दहा-बारा इंच भाग तेवढा दिसतो, तिथंच काय ते काम करा. उपरणं असेल तर अख्खा ड्रेस दिसतो. गाऊनखाली कॉलर आणि जाड भरतकाम टाळा, गाऊन खांद्यावर बसत नाही.

न्यू जर्सी, माहेर सोलापूरचं

इकडे हायस्कूलच्या ग्रॅज्युएशनला बऱ्याच मुली गाऊनखाली पांढरा ड्रेस घालतात आणि मुलींच्या काही शाळांत तर गाऊन नसतोच, सगळ्या जणी पांढऱ्या ड्रेसमध्ये असतात. माझ्या ५ फुटांच्या लेकीला इथला गुडघ्यापर्यंतचा ड्रेस पोटरीवर येत होता. आईनं चाटी गल्लीतून हकोबा घेऊन शिवून पाठवला. मापं पाठवताना मी सेंटिमीटर लिहिले, टेलरनं इंच धरले नाहीत हे नशीब, फोन करून विचारलं त्यांनी. प्रत्येक आकड्यापुढे इंच की सेंटिमीटर ते लिहा.

भवानी पेठ, वय ५२

मुली म्हणून विचारलंय, तरी लिहिते. यशवंतराव चव्हाण मुक्त विद्यापीठातून बी.ए. केलं. लग्नात बारावी अर्धवट राहिली होती. उंची ४ फूट ९. पांढऱ्या साड्या दुकानात पुष्कळ पाहिल्या. साडीचा पन्हा माझ्या अंगाला नेहमीच जास्त होतो, वरून सात-आठ इंच खोचावं लागतं, आणि पांढऱ्या जाड साडीत पोटावर तो गोळा दिसतो. शेवटी मऊ सुती साडी घेतली, बारीक जांभळ्या काठाची. वरचा भाग सहा इंच आत दुमडून हातानं टाके घातले, साडी कापली नाही. फॉल नेहमीपेक्षा हलका लावला.

सकाळी लेक निऱ्या धरायला खाली बसली. तिच्या दहावीच्या निरोपाला मी तिच्या निऱ्या धरल्या होत्या. आता ती पिना तोंडात धरून मला म्हणत होती, "आई, हलू नकोस ना." मी हलत नव्हते, तिचे हात थरथरत होते.