मिशिगनच्या होटन काउंटीत हिवाळा नेमका कसा असतो? बहीण ऑगस्टमध्ये निघालीय

उद्यमनगरचा_दादा

मंडळी, धाकटीला मिशिगन टेकमध्ये एमएसला ॲडमिशन मिळालंय, ऑगस्टमध्ये निघायचीय. गाव होटन, काउंटीचं (म्हणजे तिथल्या जिल्ह्याचं) नावपण होटनच, अमेरिकेच्या नकाशात पार वरती, लेक सुपिरियर म्हणून जो समुद्रासारखा तलाव हाय त्यात घुसलेल्या कीविनॉ द्वीपकल्पावर. आईनं युट्यूबवर तिथला बर्फ बघितला आणि तवापासनं घरात दुसरा विषय नाही. आपल्याकडं पारा 14 वर आला तरी आई तिला कानाला बांध म्हणत मागं लागते, ती पोरगी तिथं एकटी कशी राहणार ह्याच काळजीत असते. कुणी तिथं राहिलंय का? बर्फ कधी चालू होतो, कधी संपतो, उन्हाळा म्हणून काय असतो का, आणि जॅकेट-बूट इथून घेऊन द्यायचे की तिथं? नुसतं "लई थंडी असते" नको, जरा सविस्तर सांगा.

बावड्याचा_पाटील

दादा, मी तिथंच शिकलोय. पयलं आईंना सांगा की थंडीचा आकडा वाटतोय तेवढा भयंकर नाही. जानेवारीत दुपारी मायनस 5-6, रात्री मायनस 12 च्या आसपास, अधनंमधनं मायनस 20 च्या खालीपण जातं पण ते रोजचं नाही. शेजारच्या मिनेसोटात ह्याच्यापेक्षा कडक असतंय, होटनला तलाव जवळ असल्यामुळं पारा तेवढा खाली उतरत नाही.

खरा विषय बर्फ आणि तो किती महिने चालतो हा हाय. एका सीझनला सरासरी 200 इंचांच्या घरात पडतो, म्हणजे 5 मीटर. एकदम नाही, पडतो, दबतो, परत पडतो. शेजारच्या कीविनॉ काउंटीत हायवेच्या कडंला थर्मामीटरसारखा उंच बोर्ड लावलाय, त्यावर 1978-79 च्या सीझनचा रेकॉर्ड हाय, 390.4 इंच, जवळजवळ 10 मीटर.

ऑक्टोबरात पयले कण दिसतात आणि वितळून जातात. नोव्हेंबरच्या मध्यापासनं बर्फ जमिनीवर बसतो तो एप्रिलपर्यंत उठत नाही. डिसेंबर-जानेवारीत जवळजवळ रोज थोडा थोडा पडतच असतोय. पाण्याच्या फायर हायड्रंटला उंच काठ्या लावलेल्या असतात, नाहीतर ते बर्फाखाली सापडायचेच नाहीत. बर्फ काढायला तिथं फावडं कमी आणि स्कूप जास्त वापरतात, मोठ्या पत्र्याच्या सुपासारखा असतो, मागं वाकवलेला दांडा, त्यात बर्फ भरून उचलायचा नाही, जमिनीवरनं ढकलत न्यायचा आणि कडंला पालथा करायचा. कंबर वाचते. भाड्याचं घर बघताना हे काम मालकाचं का भाडेकरूचं ते आधी विचारून घ्या, हे लई महत्त्वाचं.

रस्त्याचं टेन्शन घेऊ नका, प्लाऊ, म्हणजे बर्फ बाजूला सारणाऱ्या गाड्या, पहाटेपासनं फिरत असतात. कडाका वाढला की मीठ नीट काम करत नाही म्हणून वाळू टाकतात. रात्री रस्त्यावर गाडी लावायला हिवाळ्यात बंदी असते, प्लाऊला जागा पाहिजे म्हणून. पयल्या वर्षी गाडी घेऊच नका असं माझं मत, कॅम्पसजवळ खोली घ्या.

गगनबावडेकर

मी भूगोल शिकवतो म्हणून कारण सांगतो, आपल्या जिल्ह्यातल्या माणसाला हे लगेच कळेल. अरबी समुद्रावरनं आलेलं वारं सह्याद्रीला धडकून वर चढतं, थंड होतं आणि सगळं पाणी गगनबावड्यात ओततं, कोल्हापुरात येईपर्यंत जोर कमी आणि शिरोळकडं तर त्याहून कमी. तिथं पण तसंच, फक्त वारं कॅनडाकडनं येतं आणि ते मुळात कोरडं नि थंडगार असतं. तलावाचं पाणी हिवाळ्याच्या सुरवातीला हवेपेक्षा गरम असतं, वारं त्याच्यावरनं येताना ऊब आणि बाष्प उचलतं आणि कीविनॉच्या टेकड्यांवर चढलं की बर्फ टाकतं. ह्याला लेक इफेक्ट म्हणतात. म्हणून तिथं मोठं वादळ यायची वाटच बघावी लागत नाही, वाऱ्याची दिशा बदलली की काम चालू. फेब्रुवारीकडं तलावावर बर्फाचा थर वाढत गेला की बाष्प तुटतं आणि जोर कमी होतो. पण सुपिरियर इतका मोठा आणि खोल हाय की पूर्ण क्वचितच गोठतो, 2014 साली जवळजवळ सगळा गोठला होता.

उद्यमनगरचा_दादा

गुरुजी, हे आईला जसंच्या तसं वाचून दाखवलं, तिचं माहेर गगनबावड्याकडंच हाय, तिला पटलं. अंधाराचं काय खरं? कुणीतरी म्हणालं तिथं पोरं हिवाळ्यात उदास होतात.

राजारामपुरीची_ताई

हो दादा, ते मात्र हलक्यात घेऊ नका. माझी लेक तिथं शिकली. होटन एवढं पश्चिमेला असून घड्याळ न्यूयॉर्कचं आहे, त्यामुळं डिसेंबरच्या शेवटी सूर्य उगवायलाच साडेआठ वाजून जातात आणि संध्याकाळी पाचच्या सुमारास मावळतो, आणि जो उगवतो तोही बहुतेक दिवस ढगात. तिला सांगा दुपारी रोज अर्धा तास तरी बाहेर पडायचं, बर्फ असला तरी, आणि व्हिटॅमिन डीचं डॉक्टरांना विचारून घ्यायचं. खोलीत बसून राहिलं की मन खातं. समोर हॅनकॉकला विद्यापीठाची स्वतःची स्की टेकडी आहे, फेब्रुवारीत विंटर कार्निव्हल असतो, 1922 पासून चालू झालाय, पोरं बर्फाचे घराएवढे पुतळे करतात आणि शेवटची सगळी रात्र जागून काम करतात. त्यात घुसायला सांगा, ओळखी तिथंच होतात.

उलट जूनमध्ये पावणेदहाला सूर्य मावळतो! जुलैत दुपारी 24-25, आपल्या पंख्याची गरज नाही. मे मात्र कंटाळवाणा, चिखल आणि काळ्या चावऱ्या माश्या. सप्टेंबर संपता संपता मेपलची झाडं लाल-केशरी होतात, माझ्या मते तिथला सगळ्यात देखणा काळ तोच.

कपड्यांचं म्हणाल तर थर्मल दोन-तीन जोड इथून द्या, मोठा कोट आणि बूट तिथंच घ्या. इथं मिळणारं जॅकेट दिसायला जाड असतं पण वारं आणि ओल अडवत नाही. जीन्स बर्फात भिजली की पाय गारठतात, कॉटन जेवढं कमी तेवढं बरं. घरात हीटर असल्यामुळं आत साध्या टीशर्टवर बसता येतं, पण हवा इतकी कोरडी की ओठ फुटतात, नाकातनं रक्त येतं कधी कधी. खोबरेल तेल आणि व्हॅसलीन नक्की द्या, तेल तिथं कायम गोठलेलं असेल.

बावड्याचा_पाटील

ताईंच्या कपड्यांच्या सल्ल्याला माझं अनुमोदन, फक्त एक, कोट ऑक्टोबर उजाडायच्या आत घ्यायला सांगा. आणि आपल्याकडच्यासारखा पूर तिथंपण येतो, 17 जून 2018 ला एका रात्रीत एवढा पाऊस झाला की उतारावरचे रस्तेच वाहून गेले. म्हणून घर बघताना टेकडीच्या पायथ्याचं तळघर नको.

उद्यमनगरचा_दादा

ठरलं, थर्मल आणि खोबरेल इथून, कोट-बूट तिथं. खोल्यांची यादी आलीय, स्कूपचं आणि तळघराचं विचारूनच ॲडव्हान्स भरतो.