वीज आली, पण मालगाडीचं काय?
दक्षिण आफ्रिकेची आर्थिक वाढ लोडशेडिंगमुळे खुंटली, असं म्हणतात ते खरं, पण अर्धंच. खाणीतला माल बंदरापर्यंत पोहोचत नाही, हे दुखणंही तितकंच मोठं आहे. तिथल्या रिचर्ड्स बे बंदरातल्या कोळसा टर्मिनलची क्षमता वर्षाला ९१ दशलक्ष टन. २०२३ मध्ये निर्यात झाली जेमतेम ४७. कोळसा खाणींच्या पट्ट्यातल्या एर्मेलोहून येणारी २०० वाघिणींची गाडी एका खेपेत सुमारे १६,८०० टन नेते. इंजिनाला सुटे भाग मिळाले नाहीत किंवा ओव्हरहेड तारांचं तांबं चोरीला गेलं, की ती जागीच उभी. तेवढाच माल ३४ टनी ट्रकने न्यायचा तर जवळपास ५०० ट्रक लागतात! भाव चढे असतील तोवर हा खर्च निघतो, पडले की रस्त्याने पाठवणं परवडतच नाही. २०२२ मध्ये कोळशाला विक्रमी भाव असताना ही संधी हातची गेली, याची खरंच हळहळ वाटते.