घरच्या संगणकाच्या लॉगिन स्क्रीनवर पुतण्याचे नाव दिसू लागले आहे. ते खाते काढून टाकावे का?

काकू_गुहागर

नमस्कार. आमच्याकडे विंडोज १० होम असलेला जुना डेस्कटॉप आहे आणि तो घरातले सगळेच वापरतात. सासरे त्यावर सातबारा आणि विजेचे बिल पाहतात, मी आमच्या घरगुती निवासाचे बुकिंग आणि येणाऱ्या पाहुण्यांच्या नोंदी ठेवते, आणि मुलगी बारावीला असल्याने तिचे स्वतंत्र खाते आहे. आजवर संगणक सुरू केला की 'घर' आणि मुलीचे नाव अशी दोनच खाती दिसत असत. 'घर' या खात्याला एक सोपा पासवर्ड होता, जो सासऱ्यांनाही पाठ होता.

दिवाळीत दिरांचा मुलगा आला होता. विंडोज १० ला आता अपडेट मिळणार नाहीत, तेव्हा मी सोय करून ठेवतो, असे म्हणून त्याने थोडा वेळ संगणकावर काम केले. तेव्हापासून 'घर' हे नाव नाहीसे होऊन त्या जागी पुतण्याचे नाव आणि त्याचा फोटो दिसतो, पासवर्डऐवजी पिन मागितला जातो, आणि मागे आमच्या बंदराचा फोटो होता तिथे रोज कुठल्या तरी परदेशी डोंगराचे नवे चित्र येते. पिन त्याने चिठ्ठीवर लिहून दिला असल्यामुळे आत जाता येते आणि आतले काम पूर्वीसारखेच दिसते. तरीही कोणीतरी संगणक ताब्यात घेतला आहे, अशी सासऱ्यांची ठाम समजूत झाली आहे आणि त्यांनी बिल भरणे थांबवले आहे.

पुतण्या मर्चंट नेव्हीत आहे आणि सध्या जहाजावर असल्याने त्याच्याशी बोलणे क्वचितच होते. ते खाते डिलीट करून 'घर' नावाचे नवीन खाते उघडावे, असे शेजारच्या मुलाने सुचवले आहे. तसे करण्यापूर्वी इथल्या जाणकारांना विचारावे असे वाटले.

खाडीपलीकडे

ताई, कृपया ते खाते डिलीट करू नका. खात्यावर पुतण्याचे नाव दिसत असले तरी ते बहुधा तुमचेच जुने 'घर' खाते आहे, आणि सेटिंग्जमधून खाते काढून टाकताना विंडोज त्यातला डेटाही पुसून टाकते. बुकिंगच्या नोंदी, डेस्कटॉपवरील फायली, फोटो, सगळेच त्याबरोबर जाईल.

खात्री करण्याचा एक सोपा मार्ग आहे. फाइल एक्सप्लोररमधून सी ड्राइव्ह उघडून 'युजर्स' या फोल्डरमध्ये जा आणि तिथे कोणत्या नावांची फोल्डर आहेत ते पाहा. पुतण्याने स्वतःचे नवे खाते जोडले असते, तर त्याच्या ईमेल पत्त्याच्या पहिल्या पाच अक्षरांचे वेगळे फोल्डर तिथे तयार झाले असते, कारण मायक्रोसॉफ्ट खात्याने नवीन प्रवेश केला की विंडोज फोल्डरचे नाव तसेच ठेवते. असे फोल्डर नसेल आणि फक्त 'घर' व मुलीचे नाव दिसत असेल, तर जुन्याच खात्याला त्याचे मायक्रोसॉफ्ट खाते जोडले गेले आहे असे समजावे. दर्शनी नाव बदलते, फोल्डरचे नाव मात्र बदलत नाही.

हे सहसा नकळत घडते. एखाद्या ॲपमध्ये मायक्रोसॉफ्ट खात्याने साइन इन करताना, हे खाते या संगणकावर सर्वत्र वापरायचे का, अशा अर्थाचा प्रश्न येतो. त्याखाली बारीक अक्षरांत 'मायक्रोसॉफ्ट ॲप्स ओन्ली' असा पर्याय असतो, पण बहुतेक जण 'नेक्स्ट' दाबून मोकळे होतात. ही मांडणीच मला फसवी वाटते. तुमच्या पुतण्याला दोष देण्यात अर्थ नाही. फोल्डरची नावे पाहून कळवा.

काकू_गुहागर

तुमच्या सांगण्याप्रमाणे पाहिले. 'युजर्स'मध्ये 'घर', मुलीचे नाव आणि 'पब्लिक' एवढीच फोल्डर आहेत. मात्र 'घर'च्या आत 'वनड्राइव्ह' नावाचे एक फोल्डर आहे आणि त्यात आमचा डेस्कटॉप व डॉक्युमेंट्स दिसतात. काही फायलींपुढे निळ्या ढगाचे चिन्ह आहे. त्याच फोल्डरमध्ये पुतण्याची प्रमाणपत्रे आणि जहाजावरचे फोटोही आहेत, जे आमच्या संगणकावर पूर्वी कधीच नव्हते.

खाडीपलीकडे

म्हणजे लॉगिन स्क्रीनवरचे नाव हा प्रश्नाचा लहान भाग आहे. तुमच्या डेस्कटॉप आणि डॉक्युमेंट्सचा बॅकअप त्याच्या वनड्राइव्हमध्ये, म्हणजे मायक्रोसॉफ्टच्या इंटरनेटवरील साठवणीत (क्लाउडमध्ये), सुरू झाला आहे. निवासाच्या कामासाठी पाहुण्यांच्या आधार कार्डांच्या प्रती तुम्ही संगणकात ठेवत असाल, तर त्या प्रती सध्या पुतण्याच्या क्लाउड खात्यातही आहेत आणि त्याच्या फोनवर वनड्राइव्ह असेल तर तिथूनही उघडता येतात. तो घरचाच मुलगा आहे, हे खरे. पण पाहुण्यांनी आपली कागदपत्रे तुमच्याकडे दिली होती, त्याच्याकडे नव्हे. शिवाय वनड्राइव्हची मोफत जागा ५ जीबी आहे आणि त्यात दोघांच्या फायली आहेत, त्यामुळे ती भरली की त्याचीही अडचण होईल.

पुढील कामे याच क्रमाने करावीत, कारण इथे क्रम चुकला तर फायली अडकतात. सर्वप्रथम एक राखीव ॲडमिनिस्ट्रेटर (संगणकात सर्व बदल करण्याचे अधिकार असलेले) खाते तयार करा, म्हणजे मध्येच काही बिघडले तरी आत जाण्याचा मार्ग उरेल. सेटिंग्जमध्ये 'अकाउंट्स', त्यात 'फॅमिली अँड अदर युजर्स', आणि तिथे 'ॲड समवन एल्स टू धिस पीसी' निवडा. ईमेल विचारल्यावर त्या व्यक्तीची माहिती आपल्याकडे नाही असे सांगणारा पर्याय घ्या आणि पुढच्या पानावर 'ॲड अ युजर विदाउट अ मायक्रोसॉफ्ट अकाउंट' निवडा. खाते तयार झाल्यावर त्याच्या नावावर क्लिक करून 'चेंज अकाउंट टाइप'मधून त्याला ॲडमिनिस्ट्रेटर करा. त्याचा पासवर्ड वहीत लिहून ठेवा.

त्यानंतर 'घर' खात्यात परत येऊन वनड्राइव्ह फोल्डरमधील तुमच्या फोल्डरांवर राइट क्लिक करा आणि 'ऑलवेज कीप ऑन धिस डिव्हाइस' निवडा. निळा ढग दिसतो ती फाइल फक्त क्लाउडमध्ये असते, तुमच्या डिस्कवर नसते. इंटरनेट तुटले तर ती उघडणारच नाही. तुमच्याकडे रेंज कशी असते याची मला कल्पना आहे, तेव्हा हे काम रात्री लावून ठेवा. सर्व ठिकाणी हिरवी खूण आली की तुमच्या फायली पेन ड्राइव्हवर किंवा बाहेरच्या हार्ड डिस्कवर कॉपी करा आणि त्यातल्या काही प्रत्यक्ष उघडून पाहा.

मग वनड्राइव्हच्या सेटिंग्जमध्ये 'मॅनेज बॅकअप'मधून बॅकअप थांबवा. यानंतर, वनड्राइव्ह जोडलेले असतानाच, पाहुण्यांची कागदपत्रे आणि तुमच्या इतर फायली वनड्राइव्हच्या फोल्डरमधून काढून टाका, म्हणजे त्या क्लाउडमधूनही निघतील. क्लाउडच्या रिसायकल बिनमध्ये त्या ३० दिवस राहतात, तेव्हा पुतण्याशी बोलणे होईल तेव्हा त्याला तो रिकामा करण्यास सांगा. त्याची प्रमाणपत्रे आणि फोटो यांना मात्र हात लावू नका, कारण इथे पुसले की त्याच्याकडूनही पुसले जाईल. हे झाल्यावरच वनड्राइव्हमध्ये 'अनलिंक धिस पीसी' करा. आधी अनलिंक केले तर त्याच्या खात्यातल्या तुमच्या प्रती तिथेच राहतील आणि त्या काढण्यासाठी त्याचा पासवर्ड लागेल.

शेवटी मूळ काम. 'अकाउंट्स'मध्ये 'युअर इन्फो' उघडून 'साइन इन विथ अ लोकल अकाउंट इन्स्टेड' निवडा. लोकल खाते म्हणजे मायक्रोसॉफ्ट खात्याशी न जोडलेले, फक्त या संगणकापुरते खाते. चिठ्ठीवरचा पिन विचारला जाईल. मग नाव म्हणून 'घर' लिहा, पासवर्ड द्या आणि तो आठवण्यासाठीचा संकेत (हिंट) भरा. साइन आउट झाल्यावर लॉगिन स्क्रीनवर पुन्हा 'घर' दिसेल. त्याच विभागातील 'ईमेल अँड अकाउंट्स'मध्ये पुतण्याचे खाते उरले असल्यास तेही काढा, आणि एज ब्राउझरच्या वरच्या कोपऱ्यात त्याचे चित्र दिसत असेल तर तिथूनही साइन आउट करा, कारण एजमध्ये साठवलेले पासवर्ड खात्याबरोबर सिंक होऊ शकतात. सासऱ्यांनी बिल भरण्याचा पासवर्ड ब्राउझरमध्ये साठवला असेल तर तो बदललेला बरा.

वेंगुर्ल्याचा_वाटसरू

वरील उत्तर योग्य आहे, परंतु पुतण्याने हे सगळे कशासाठी केले त्याचाही विचार व्हावा, नाहीतर संगणक पूर्ववत होईल आणि सुरक्षा मात्र जाईल. विंडोज १० चा नियमित सपोर्ट १४ ऑक्टोबर २०२५ रोजी संपला. त्यानंतर घरगुती वापरकर्त्यांसाठी मायक्रोसॉफ्टने वाढीव सुरक्षा अपडेटची योजना १३ ऑक्टोबर २०२६ पर्यंत ठेवली, आणि तिची नोंदणी मायक्रोसॉफ्ट खात्याशिवाय होत नाही. सेटिंग्जचा बॅकअप सुरू ठेवल्यास ही नोंदणी मोफत मिळते. पुतण्याने नेमके तेच केले असावे, फक्त स्वतःच्या खात्याने केले.

माझ्या मते लोकल खात्यावर थांबू नये. घराच्या नावाने एक वेगळे मायक्रोसॉफ्ट खाते काढावे, त्याला घरात कायम राहणाऱ्या माणसाचा मोबाइल क्रमांक जोडावा, आणि लोकल खात्यावर आल्यानंतर 'युअर इन्फो'मधून ते जोडून 'विंडोज अपडेट'च्या पानावर पुन्हा नोंदणी करावी. ज्या खात्यातून नोंदणी करायची ते ॲडमिनिस्ट्रेटर असावे लागते आणि विंडोजची आवृत्ती २२एच२ असावी लागते. वनड्राइव्हचा फोल्डर बॅकअप मात्र तेव्हा सुरू करू नये. सेटिंग्जचा बॅकअप आणि फायलींचा बॅकअप या दोन वेगळ्या गोष्टी आहेत.

आणखी एक तपासणी राहिली आहे. सेटिंग्जमध्ये 'अपडेट अँड सिक्युरिटी'खाली 'डिव्हाइस एन्क्रिप्शन' (डिस्कवरील माहिती कुलूपबंद ठेवण्याची सोय) असे पान दिसते का, ते पाहा. जुन्या डेस्कटॉपवर ते बहुधा नसेल आणि मग काळजीचे कारण नाही. ते पान असेल आणि एन्क्रिप्शन चालू असेल, तर ते कुलूप उघडणारी डिस्कची रिकव्हरी की पुतण्याच्या मायक्रोसॉफ्ट खात्यात साठवलेली असण्याची शक्यता आहे. अशा वेळी तो बंदरात उतरून ती की पाठवेपर्यंत खात्यात काहीही बदल करू नका.

खाडीपलीकडे

घराच्या नावाने खाते काढण्याची सूचना मला मान्य आहे, फक्त मी त्या खात्याने रोजचे काम करणार नाही. राखीव ॲडमिनिस्ट्रेटर खात्याला ते जोडून त्यातून नोंदणी करावी आणि 'घर' लोकलच राहू द्यावे, म्हणजे सासऱ्यांच्या समोर पुन्हा वेगळे नाव किंवा पिन येणार नाही. नोंदणी टिकली आहे की नाही हे 'विंडोज अपडेट'च्या पानावर दिसते. तिथे पुन्हा नोंदणीचे बटण आले तर मात्र वाटसरूंचा मार्ग धरावा.

मालवणी_माणूस

सासऱ्यांच्या शंकेचे निरसन नुसते नाव बदलून होईल असे वाटत नाही, कारण रोज बदलणारे चित्र तसेच राहील. ते विंडोज स्पॉटलाइटमुळे येते. 'पर्सनलायझेशन'मध्ये 'लॉक स्क्रीन' उघडून 'पिक्चर' निवडा, तुमच्या बंदराचा फोटो द्या, आणि तिथलाच लॉक स्क्रीनवर टिप्स दाखवण्याचा पर्याय बंद करा. ही निवड प्रत्येक खात्याची स्वतंत्र असते आणि संगणक सुरू होताना शेवटी वापरलेल्या खात्याचे चित्र दिसते. त्यामुळे मुलीच्या खात्यात स्पॉटलाइट तसेच राहिले तर चित्र कधी बंदराचे, कधी डोंगराचे येईल आणि सासरे पुन्हा घाबरतील. दोन्ही खात्यांत एकच फोटो लावा.

नवीन पासवर्ड ठेवताना कीबोर्ड इंग्रजीत आहे ना, हेही पाहा. सातबाऱ्यासाठी मराठी कीबोर्ड जोडलेला असेल तर पासवर्ड कोणत्या भाषेत टाइप होतो आहे ते नुसत्या ठिपक्यांवरून कळत नाही. लॉगिन स्क्रीनच्या उजव्या खालच्या कोपऱ्यात भाषेची खूण असते आणि विंडोजची कळ धरून स्पेसबार दाबला की ती बदलते.

पावसात लाइट गेल्यावर डेस्कटॉप धाडकन बंद होतो, त्यातून आणखी एक प्रकार घडतो. नाव तेच दिसते, पासवर्डही चालतो, पण आत गेल्यावर डेस्कटॉप रिकामा असतो आणि तात्पुरत्या प्रोफाइलने प्रवेश झाल्याची सूचना येते. त्या अवस्थेत केलेले काम साइन आउट करताच नाहीसे होते, तेव्हा काहीही सेव्ह न करता आधी संगणक रीस्टार्ट करावा. बहुतेक वेळा तेवढ्याने जुने प्रोफाइल परत येते. छोटा यूपीएस घेतलात तर हा ताप कमी होईल.

काकू_गुहागर

सर्वांचे आभार. डिव्हाइस एन्क्रिप्शनचे पान आमच्या संगणकात नाही. राखीव खाते केले, फायली हार्ड डिस्कवर घेतल्या, पाहुण्यांची कागदपत्रे वनड्राइव्हमधून काढली आणि आता स्क्रीनवर 'घर' दिसते आहे. नोंदणी राखीव खात्यातूनच करणार आहे, कारण दोन पासवर्ड लक्षात ठेवणे सासऱ्यांना जमणार नाही. एकच अडचण उरली आहे. पासवर्डमध्ये आकडे आहेत आणि सासरे ते उजवीकडच्या आकड्यांच्या पट्टीवरून टाइप करतात, तेव्हा चौकटीत काहीच उमटत नाही. वरच्या ओळीतले आकडे मात्र चालतात.

मालवणी_माणूस

संगणक सुरू होताना नम लॉक बंद राहत आहे. लॉगिन स्क्रीनवरच नम लॉकची कळ एकदा दाबा, कीबोर्डवरचा दिवा लागला की आकडे उमटतील. प्रत्येक वेळी दाबावी लागत असेल तर संगणकाच्या बायोसमध्ये (विंडोजच्या आधी चालू होणाऱ्या मूळ सेटिंग्जमध्ये) सुरू होताना नम लॉक चालू ठेवण्याचा पर्याय बहुतेक डेस्कटॉपना असतो. तो बदलूनही दुसऱ्या दिवशी तेच झाले आणि घड्याळही मागे पडलेले दिसले, तर मदरबोर्डवरचा नाण्याच्या आकाराचा सेल संपला आहे असे समजा. सीआर२०३२ या नावाने तो घड्याळाच्या दुकानातही मिळतो.